कुडी चालू असताना

पडद्यावर समोरच्यानं बावीस हजार एक रुपये लावले, तेव्हा सुवर्णा हेरवाडे डब्यातल्या शेंगाचटणीत तेल जरा कमीच पडलं का, याचा विचार करत होती.

"आला गं तुझा वळू," शेजारच्या खुर्चीतून शबाना म्हणाली. "आहेर करून गेला बघ. वरचा एक रुपया काय चुकत नाही त्याचा."

सुवर्णानं आपली दोन पानं बघितली. टेबलावरची पाच उघडी पानं बघितली. अठ्ठीची जोडी, म्हणजे धड चांगलं नाही आणि धड वाईटही नाही. तिनं कॉलचं बटण दाबलं. वळूची पानं उघडी पडली. पंजी आणि दुर्री, मेळ काही नाही. डाव सुवर्णाकडं सरकला, आणि ती पुन्हा चटणीकडं वळली. हो, तेलच कमी होतं.

इचलकरंजीतल्या या शेडमध्ये एके काळी चाळीस माग धडधडायचे. सुवर्णा तेव्हा इथंच कांड्यांवर सूत भरायला होती. पुढं माग भंगारात गेले. मालकाच्या मुलानं शेडला गुळगुळीत फरशी घातली, थंड हवा सोडली आणि बावीस खुर्च्या मांडल्या. ऑनलाइन जुगाराचा कायदा तोवर एकदा घट्ट होऊन परत सैल झाला होता. परवाना काढला की पोकर चालवता येत होतं, आणि खेळणारानं स्वतःच्याच पैशानं खेळावं असं परवान्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून पैसा मालकाचा आणि बैठक बायकांची. कांडीवाल्या बायकाच का घेतल्या, असं कुणी विचारलं तर मालक म्हणायचा, "आठ तास एका धाग्याकडं बघत बसायची सवय आयती कुठं मिळणार?" बायकांना हे कौतुक वाटायचं. कौतुक स्वस्तात पडतं.

खेळ तसा अवघड नव्हता. प्रत्येकाच्या हातात झाकलेली दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. त्यांतून ज्याचा मेळ वरचढ, त्याचा डाव. पण पैसे लावताना खरं बोलायचं बंधन कुणावर नाही. समोरच्यानं मोठी रक्कम लावली की तुमच्यापुढं दोनच वाटा. तेवढेच पैसे लावून त्याची पानं बघा, म्हणजे कॉल करा. नाहीतर मुकाट्यानं आपली पानं टाका.

आणि काही माणसं अशी असतात की हातात काही असो-नसो, मोठी रक्कम लावून मोकळी होतात. त्यांना शेडमध्ये वळू म्हणायचे. गावाला सोडलेला वळू कुणाच्याही रानात घुसतो, आणि चार-दोन रानांत लोक घाबरून बाजूला झाले की त्याला वाटतं सगळा गाव आपलाच. वळूसमोर शहाणपणा करायचा नाही, त्याला हूल द्यायची नाही. बऱ्यापैकी पान येईस्तोवर बसून राहायचं, आणि आलं की कॉल करायचा. गणित पाचवीतलं. डावात शंभर आहेत, त्यानं शंभर लावले, तर तुम्ही शंभर लावून दोनशे जिंकणार. तिनातून एकदा तुमचं बरोबर निघालं तरी बरोबरी झाली. वळू तिनातून दोनदा खोटं बोलतो. मग विचार कसला करायचा?

पण माणूस पाचवीतल्या गणितावर चालत नाही, तिथंच सगळी गोम होती. समोर मोठा आकडा आला की डोक्याच्या आधी अंग बोलतं. तळहाताला घाम येतो, पोटात खड्डा पडतो. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद जेवढा, त्याच्या जवळजवळ दुप्पट शंभर गेल्याचं दुःख, असं शास्त्रज्ञांनी कधीच मोजून ठेवलेलं होतं. त्या दुःखाच्या धाकानं माणूस जिंकायची पानंसुद्धा टाकून देतो.

म्हणून कुडी. कंपनीनं तिला भलतंच लांब नाव दिलं होतं, पण कानात घालायची आणि मोत्याएवढी दिसणारी वस्तू म्हटल्यावर बायकांनी तिचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असं हिंडत जाणारी एक लांब नस असते. तिची एक बारीक फांदी कानाच्या भोकाजवळच्या खळग्यात कातडीच्या अगदी खाली येते. कुडी तिथं टेकून बसायची. नाडी दचकली, श्वास अडकला, की निमिषात तिला कळायचं, आणि ती त्या फांदीला मुंगी चालल्यासारखी वीज द्यायची. नस मेंदूला सांगायची, काही झालेलं नाही. मेंदू तेच पोटाला सांगायचा. दचका मनापर्यंत पोचायच्या आतच विरून जायचा. मागं उरायचं ते नुसतं गणित.

"कुडी काढली की दोन तासांत सगळं पूर्वीसारखं," असं कंपनीच्या कागदावर होतं. पहिले तीन महिने ते खरंही होतं. आता सुवर्णाला दीड वर्ष झालं होतं. परवा रविवारी नवरा, सुकुमार, पुण्याहून आला. चहा ओतताना त्याचा हात भाजला. तिनं तो नळाखाली धरला, मलम लावलं, फरशी पुसली. सगळं बिनचूक केलं. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"एकदा तरी ओरडायचं होतंस," तो म्हणाला. "आंधळा आहेस काय, असं तरी."

"ओरडून हात बरा होतो का?"

"हात नाही होत," तो म्हणाला.

शेजारणी म्हणायच्या, तुमच्यात भांडणं कशी ती नाहीत. त्यांचं खरंच होतं.

* * *

बावीस हजार एक लावणाऱ्याचं पडद्यावरचं नाव होतं ‘नांगर११’. शेडचे आकडे सांभाळणारी ऐश्वर्या नावाची पोरगी त्याच्यामुळं हैराण झाली होती.

"काकू, याचं उठायचं गणितच बसत नाही," ती एका दुपारी सुवर्णाच्या खुर्चीमागं येऊन म्हणाली. "डिसेंबरात हा पाच वीसला उठायचा. जानेवारीत पाच पस्तीस. आता फेब्रुवारीत दहा कमी सहा. जिंकत असला तरी उठतो, हरत असला तरी उठतो. हरणारा वळू कधी वेळेवर उठतो का? यंत्र म्हणतंय, हा माणूसच नाही."

"माणूस आहे," सुवर्णा म्हणाली. "जेवायला उठतोय."

"रोज अर्धा मिनिट उशिरा?"

"दिवस मोठा होत चाललाय ना."

ऐश्वर्याला कळलं नाही. शबानाला कळलं. तिनं खुर्ची फिरवली. "म्हणजे सूर्य मावळायच्या आत जेवणारा. तुमच्यातला, जैनातला."

"असंल कुणीतरी," सुवर्णा म्हणाली, आणि पुढची पानं उचलली.

पण तिच्या डोक्यात धागा लागला होता, आणि धागा लागला की तो संपेपर्यंत कांडी थांबत नाही. सात व्यसनं कुठली, हे आईनं दोघा भावंडांकडून चालता यायच्या आधी पाठ करून घेतलं होतं, आणि त्या सातांत पहिलं होतं जुगार. ते पहिलंच मोडून बसलेला, पण दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं चुकवत नाही, असा माणूस तिला एकच माहीत होता. त्याचा स्वभावच तसा. मोठं बिनधास्त मोडायचा आणि बारीक जिवापाड जपायचा. ‘नांगर११’ नोव्हेंबरात उगवला होता. नोव्हेंबरातच शिरोळजवळच्या नव्या बायपासमध्ये वडिलांचं शेत गेलं, आणि त्याचे अडतीस लाख तिच्या धाकट्या भावाच्या, भरतेशच्या खात्यात आले. गेल्या सोमवारी ‘नांगर११’ दिवसभर फिरकला नव्हता. गेल्या सोमवारी शिरोळात चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं, आणि भरतेश पाहुण्यांना पंगतीत आग्रह करत फिरत होता. मधूनमधून खिशातला मोबाइल काढून बघत होता आणि परत ठेवत होता.

दुपारच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"भरतू, बायपासचे पैसे कुठं ठेवलेस रे?"

"बँकेत. आणि कुठं ठेवणार? का गं अक्का?"

"सहज. पत्ते-बित्ते खेळतोस काय?"

"काय बोलालीस अक्का! आपल्या घरात?" मग तो हसला. "तू तरी काय करतीस त्या शेडमध्ये दिवसभर? कॉम्प्युटरवर हिशेबच ना?"

"हिशेबच," सुवर्णा म्हणाली.

दोघांनी एकमेकांच्या घरची खुशाली विचारली. बोलणं नेहमीसारखंच गोड झालं.

शेडचा नियम होता. समोरचा ओळखीचा निघाला तर सांगायचं, तुम्हाला दुसरं टेबल मिळेल. पण मग ‘नांगर११’समोर शबाना बसली असती, आणि शबाना तिच्याहून तल्लख होती. शबाना नाही तर दुसऱ्या गावातली, दुसऱ्या शेडमधली कुणीतरी. वळूला रान कमी पडत नाही. सुवर्णानं सांगितलं नाही. हे चूक की बरोबर, ते तिनं पोटाला विचारून पाहिलं. पोट गप्प होतं.

* * *

त्यानंतर नवव्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वातीनला तो डाव आला.

सुवर्णाच्या हातात राणी आणि राजा. टेबलावर एक राणी पडली, म्हणजे राणीची जोडी झाली. बाकीची पानं नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री. त्यांत तीन इस्पिकं होती; समोरच्याकडं आणखी दोन निघाली तर एका रंगाची पाच होऊन जोडीवर चढतील, हाच मोठा धोका. डावात चार लाख जमले होते, दोघांचे दोन-दोन. शेवटचं पान उघडलं, आणि ‘नांगर११’नं टेबलावर होतं-नव्हतं ते सगळं लावलं. आठ लाख. यावेळी वरचा एक रुपया नव्हता. एक रुपया वर ठेवायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात नव्वद सेकंदांचं घड्याळ उलटं चालू लागलं.

गणित झालं होतं. आठ लावून बारा जिंकायचे. पाचांतून दोनदा बरोबर आलं तरी पुरे. ऐश्वर्याचे आकडे सांगत होते की हा माणूस एवढी रक्कम लावतो तेव्हा दहांतून सात वेळा हातात काही नसतं. म्हणजे कॉल. यात विचार करायला तीन सेकंदही नको होते. उरलेल्या सत्त्याऐंशीत सुवर्णानं बाकीचा विचार केला.

पानं टाकली तर? तो बारा लाख घेऊन आज हसत उठेल. वळूला एकदा रान मोकळं सोडलं की दुसऱ्या दिवशी तो दुप्पट येतो, हे तिनं दीड वर्ष बघितलं होतं. मग शुक्रवारी नाहीतर सोमवारी कुणीतरी त्याला कॉल करणार, आणि त्या कुणीतरीचं तोंड त्याला कधी दिसणार नाही. न दिसणाऱ्या तोंडाकडून आपले पैसे परत मिळवायला तो घर विकेल, खालचं नळांचं दुकान विकेल.

कॉल केला तर? वडिलांच्या शेतातलं जे उरलंय, ते तिच्या हातानं जाईल. पण कुणी घेतलं हे तिला माहीत असेल, आणि ती जाऊन त्याला सांगू शकेल. हरवणाऱ्याला तोंड असेल.

तिसरी वाट नव्हती. मोबाइल बाहेरच्या कपाटात कुलपात होते, आणि टेबलावर समोरच्याला लिहायची सोय परवान्यानं बंद केली होती.

चाळीस सेकंद उरले. एखाद्या बहिणीचा हात इथं थरथरला असता, हे तिला ठाऊक होतं. तिनं हाताकडं बघितलं. हात टेबलावर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. पडद्याखाली तिच्या नाडीचा आकडा दिसत होता. सहासष्ट. कानाच्या खळग्यात मुंगी चालत होती, पण नेहमीपेक्षा जोरात, जणू आत काहीतरी उठू बघतंय आणि ती त्याला पुन्हा पुन्हा झोपवतेय. काय उठू बघतंय, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

कुडी काढावी का? काढून काय, दोन तास लागणार. तिच्या बाबतीत आता दोन दिवस.

बारा सेकंद उरले असताना तिनं कॉल दाबलं.

त्याची पानं उघडली. एक्का आणि छक्की. जोडी नाही, इस्पिकही नाही, काहीच नाही.

बारा लाखांवर आठ लाख चढले आणि सगळे तिच्याकडं सरकले. ‘नांगर११’ची खुर्ची रिकामी झाली. शबानानं टाळी वाजवली. ऐश्वर्या धावत आली. "काकू, सहासष्ट! एवढ्या मोठ्या डावात नाडी सहासष्ट! मी हे नव्या बायकांना शिकवताना दाखवणार."

"दाखव," सुवर्णा म्हणाली. "मला अर्धी सुट्टी पाहिजे."

* * *

ती शिरोळला पोचली तेव्हा साडेपाच वाजत होते. भरतेश घराखालच्या दुकानात बसला होता. भोवती फळ्यांवर चकचकीत नळ, शॉवर, जाळ्या. हातात एक फडकं होतं आणि तो एकच नळ पुसत होता. तिला बघून उठला.

"अक्का? अशी अचानक? त्रिशला, अक्का आलीय गं!" त्यानं जिन्याकडं तोंड करून बायकोला हाक मारली. हाक अगदी नेहमीची होती. तिला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. एवढं लपवणं तिला कुडीशिवाय जमलं नसतं.

"माझ्याकडं राजा-राणी होते," सुवर्णा म्हणाली.

"काय?"

"टेबलावर राणी पडली. तुझ्याकडं एक्का आणि छक्की. तुझ्याकडं काहीच नव्हतं, भरतू."

फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. तो स्टुलावर बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की तिला वाटलं, याला समजलं नाही वाटतं.

"तू होतीस ती? अक्का, तू?" त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "अगं मग घरातच राहिले की! मी इथं दोन तास मेल्यासारखा बसलोय. घरातच राहिले की गं पैसे!"

"माझे नव्हेत रे ते. शेडमालकाचे. त्याच्या पैशानं खेळतो आम्ही."

"आणि तुला?"

"शंभरातले दोन."

त्यानं हात सोडले. ओठ हलले, गणित तो नेहमी ओठांवरच करायचा. "वीस हजार," तो म्हणाला. मग हसला. "दहा लाख घेतलेस माझे आणि तुला वीस हजार. अक्का, हक्कसोडीवर सही केली नसतीस तर अर्धं शेत सरळच तुझं होतं."

दहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर तिनं ती सही केली होती. बहिणी करतात तशीच. कुणी मागायच्या आधी. कचेरीतून परतताना भरतेशनं तिला जांभळी इरकल घेतली होती. साडी चांगली निघाली.

"तुला ठाऊक होतं मी आहे ते?" त्यानं विचारलं.

"हो."

"कधीपास्नं?"

"नऊ दिवस."

"आणि तरी बटण दाबलंस."

तिनं त्याला सगळं सांगितलं. पानं टाकली असती तर काय झालं असतं, दुसऱ्या कुणी घेतले असते तर काय झालं असतं, आणि हरवणाऱ्याला तोंड असावं असं तिला का वाटलं. तो मन लावून ऐकत होता, लहानपणी ती त्याला पाढे समजावायची तेव्हा ऐकायचा तसा.

"हे तू बटण दाबायच्या आधी ठरवलंस," तो सावकाश म्हणाला, "का दाबायचंच होतं म्हणून जुळवून घेतलंस?"

हा प्रश्न तिनं बसमध्ये स्वतःला विचारला होता. जयसिंगपूर येईस्तोवर उत्तर येईल असं वाटलं होतं. पूर्वी असलं काही पोटाला विचारलं की पोट सांगायचं, बाई, तू लबाडी करतीयस. नाहीतर सांगायचं, जा, तुझं बरोबर आहे. आता कारणं सगळी एकासारखी एक दिसत होती, स्वच्छ, सरळ, ओळीनं लावलेली. त्यांतलं खरं कुठलं आणि पांघरलेलं कुठलं, हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं.

"ते मलाच कळेना झालंय," ती म्हणाली.

वरून त्रिशलाची हाक आली. भाकरी झाल्यात, अक्कांना घेऊन या, दिवस मावळायला आला.

"तिला तू सांगतोस का मी सांगू?" सुवर्णानं विचारलं.

"आज नको. अक्का, आजचा दिवस जाऊ दे. मी उद्या—"

"उद्या तू दुकान डावावर लावशील."

तेव्हा तो उसळला. आवाज वर जाऊ नये म्हणून दात आवळून बोलत होता. "तुला काय जातंय? तुला काय वाटतच नाही. दगड झालीस तू. दाजी मला फोनवर म्हणतात, तुझी बहीण बाहुली झालीय, बाहुली. बापाचं शेत खाल्लंस भावाच्या ताटातनं, आणि वर मला शिकवायला आलीस? आई असती तर उंबऱ्यात घेतली नसती तुला."

सुवर्णानं सगळं ऐकून घेतलं. एकेक शब्द तिला नीट ऐकू आला, कळला, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटचं तो असा रडला होता तेव्हा सात वर्षांचा होता, आणि तिनं त्याला कडेवर घेतलं होतं.

"भरतू," तिनं विचारलं, "हे ऐकून मला वाईट वाटायला पाहिजे होतं ना रे?"

तो थांबला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती चेष्टा करत नव्हती.

"हो," तो म्हणाला.

"मग वाटलं असं धर. ऊठ आता."

त्यानं फडक्यानं डोळे पुसले आणि तो उठला. जिना अरुंद होता. सुवर्णानं त्याला पुढं जाऊ दिलं आणि स्वतः मागं राहिली, मध्येच त्याला परत फिरता येऊ नये म्हणून.